क्राइम फिल्म लिहिताना जुन्या दिग्दर्शकांकडून काय घ्यायचं आणि खऱ्या आयुष्यातून काय?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी पहिली क्राइम फिल्म लिहितोय. कुरोसावा, मेलव्हिल, स्कॉर्सेसी सगळं बघून झालंय, शिवाय एका जुन्या खून प्रकरणाची कात्रणं जमवली आहेत. ज्यांना ज्यांना स्क्रिप्ट वाचायला दिली ते म्हणतात की हे आधी कुठेतरी बघितलंय. मोठे दिग्दर्शकही दुसऱ्यांचं घेतातच ना, मग त्यांची ती प्रेरणा आणि माझी ती कॉपी असं का? आणि खऱ्या केसमधलं किती वापरायचं?"

मी बरीच वर्षं क्राइम फिल्म्स आणि सिरीजच्या पटकथांवर काम करतोय, स्वतःच्याही आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त करायलाही, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवीन लेखकाकडून येतो. त्यात "किती घेतलं" याची काळजी असते पण मला वाटतं खरी गडबड "काय कुठून घेतलं" इथे होते. तुमची स्क्रिप्ट मी वाचलेली नाही त्यामुळे अंदाजच करतोय, पण बहुतेक वेळा झालेलं असतं ते असं की माणसं सिनेमातून आलेली असतात आणि कथेची रचना वर्तमानपत्राच्या बातमीतून. म्हणजे पोलिस सिनेमातल्या पोलिसासारखा बोलतो, खुनी सिनेमातल्या खुन्यासारखा बघतो, आणि घटना मात्र कात्रणांच्या तारखांप्रमाणे एकामागून एक येत राहतात. हे बरोबर उलटं करायला हवं. माणसं, त्यांच्या सवयी, भीती, पैशाची अडचण हे आयुष्यातून घ्या, आणि ते सांगायचं कसं, कुठे कापायचं, काय लपवायचं, हे जुन्या लोकांकडून शिका.

सोप्या भाषेत, जुना दिग्दर्शक म्हणजे तुमच्यासारखीच अडचण आधी आलेला आणि त्यातून वाट काढलेला माणूस. त्याची वाट घ्या, कारण अडचण खरी होती. पण त्याचा कोट, त्याची टोपी, त्याचा डायलॉग घेतला तर त्यामागची अडचण तुमच्याकडे नसते आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

कुरोसावाचं नाव तुम्ही घेतलंय तर 'स्ट्रे डॉग' (१९४९) पासूनच सुरू करू. एका तरुण डिटेक्टिव्हचं पिस्तूल बसमध्ये चोरीला जातं आणि तो ते शोधत फिरतो, एवढीच गोष्ट आहे. पिस्तूल हरवलेल्या एका खऱ्या पोलिसाची हकीकत कुरोसावाच्या कानावर आली होती. सांगण्याची पद्धत त्याला जॉर्ज सिमेनॉंच्या कादंबऱ्यांसारखी हवी होती म्हणून त्याने आधी अख्खी कादंबरी लिहिली आणि मग पटकथा केली, आणि पटकथेला कादंबरीपेक्षा जास्त वेळ लागला. आदल्याच वर्षी आलेल्या ज्यूल्स डॅसिनच्या 'द नेकेड सिटी'मध्ये खऱ्या शहरात जाऊन शूट केलं होतं, त्याच्याशीही या फिल्मचं नातं नेहमी जोडलं जातं. म्हणजे उसनं घेतलेलं भरपूर आहे. पण फिल्म जपानी आणि कुरोसावाचीच वाटते, का? कारण आतली माणसं १९४९ च्या टोकियोतली आहेत. डिटेक्टिव्ह मुराकामी आणि पिस्तूल घेऊन फिरणारा गुन्हेगार, दोघंही युद्धावरून परत आलेले सैनिक, परतताना दोघांचीही पिशवी चोरीला गेलेली, आणि तिथून एक पोलिसात गेला आणि दुसरा गुन्हेगारीत. हे सिमेनॉंकडे नव्हतं, डॅसिनकडे नव्हतं, ते रस्त्यावर होतं. तो काळ्या बाजारातला लांबलचक भटकण्याचा भाग बघा, त्यासाठी इशिरो होंडा, ज्याने पुढे 'गॉडझिला' केला, खऱ्या बाजारात जाऊन शूटिंग करून आला होता आणि त्यातले चालणारे पायही बऱ्याच ठिकाणी त्याचेच आहेत.

आता 'गुडफेलाज' (१९९०), कारण तुमच्यासारख्या नवीन लेखकांच्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त उसनवारी मला याची दिसते. व्हॉइसओव्हर, फ्रीज फ्रेम, जुनी गाणी, झालं. पण स्कॉर्सेसीला ते का लागलं हे बघा. निकोलस पिलेजी या क्राइम रिपोर्टरने हेन्री हिल नावाच्या खऱ्या गँगस्टरवर पुस्तक लिहिलं होतं (१९८५), त्यात कित्येक वर्षांचा काळ, ढीगभर माणसं आणि शेकडो बारीकसारीक तपशील. नेहमीच्या पद्धतीने सीन मांडत बसलं असतं तर ते सगळं पडद्यावर मावलंच नसतं. यावरचा उपाय त्याला फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या 'ज्यूल्स अँड जिम' (१९६२) मध्ये सापडला, जी क्राइम फिल्मच नाही, एक प्रेमकथा आहे. तिच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत निवेदन धावतं, कट पटापट पडतात, चित्र मध्येच थांबतं, आणि दोन माणसांची मैत्री चुटकीसरशी उभी राहते. ती गती त्याने संपूर्ण फिल्मभर ताणली. आणि शेवटी नट जो पेशी (Joe Pesci) थेट कॅमेऱ्यावर गोळ्या झाडतो तो शॉट १९०३ च्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'ला केलेला नमस्कार आहे.

पण याच फिल्ममधला सगळ्यांना पाठ असलेला सीन, "मी तुला गंमतीशीर वाटतो का" वाला, तो कुठल्याही फिल्ममधून आलेला नाही. पेशी तरुणपणी रेस्टॉरंटमध्ये काम करायचा तेव्हा एका गुंडाला कौतुकाने असंच काहीतरी बोलला होता आणि ते त्या माणसाला अजिबात आवडलं नव्हतं. हा किस्सा ऐकल्यावर स्कॉर्सेसीने तालमीत पेशी आणि रे लिओटाकडून तो प्रसंग खेळवून घेतला, आणि बाकीच्या नटांना अंदाज येऊ नये म्हणून स्क्रिप्टमध्ये घातलाच नाही. शिवाय क्लोजअप टाळले, शॉट जरा मागून घेतले, कारण भीती दिसते ती आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यावर. मला यातली विभागणी फार महत्त्वाची वाटते: फिल्मची चाल त्रुफोची आहे, आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट एका नटाच्या आयुष्यात घडलेली आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा हा निर्णय मात्र पूर्णपणे दिग्दर्शकाचा स्वतःचा, तो ना सिनेमातून मिळाला ना आयुष्यातून.

तुमचा "मग ती प्रेरणा आणि माझी कॉपी का" हा प्रश्न सगळ्यात चांगला सुटतो तो 'द डिपार्टेड' (२००६) वर, कारण ती उघड उघड रिमेक आहे. हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) चा सांगाडा, पोलिसांत गुंडांचा माणूस आणि गुंडांत पोलिसांचा, तसाच्या तसा आहे. लेखक विल्यम मोनाहन मात्र बोस्टनकडचा, आणि जॅक निकल्सनच्या डॉनमध्ये बोस्टनचा खरा गँगस्टर व्हाइटी बल्जर शिरला. बल्जर हा वर्षानुवर्षं एफबीआयचा खबऱ्या होता. ही एक खरी गोष्ट कथेत आली आणि मूळ फिल्ममधला सरळ सामना इथे सडलेला निघाला, कारण ज्या डॉनला पकडण्यासाठी पोरं जीव धोक्यात घालतायत त्याला सरकारी यंत्रणेतलाच एक भाग सांभाळतोय. सांगाडा तोच, अर्थ बदलला. आणि त्यावर स्कॉर्सेसीने १९३२ च्या हॉवर्ड हॉक्सच्या 'स्कारफेस'मधली फुलीची खूण घेतली: तिथे कोणी मरणार असेल तर फ्रेममध्ये कुठेतरी एक्स दिसतो, सावलीत, खिडकीत, छताच्या तुळयांत, आणि 'डिपार्टेड'मध्ये तो पुन्हा ठिकठिकाणी दिसतो. एकाच फिल्ममध्ये तीन उसनवाऱ्या, एक कथानकाची, एक चित्रभाषेची आणि एक खऱ्या माणसाची, आणि तिन्हींचं काम वेगवेगळं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये जे जे उचललंय त्या प्रत्येकाला "तू इथे काय काम करतोयस" असं विचारा, आणि उत्तर "भारी दिसतं" एवढंच आलं तर ते काढून टाका.

फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिल मात्र माझ्या या सगळ्या बोलण्याला अपवाद आहे आणि ते कबूल केलं पाहिजे. 'ल सामुराई' (१९६७) मधला अ‍ॅलन डेलॉन, रेनकोट, हॅट, रिकामी खोली, हे सगळं १९४० च्या अमेरिकन क्राइम फिल्म्समधून आलंय, आणि सुरुवातीला येणारं बुशिदोचं (म्हणजे सामुराईंच्या आचारसंहितेचं) वचनसुद्धा मेलव्हिलने स्वतः रचलेलं आहे. म्हणजे माणूसच सिनेमातून घेतलेला. मग ते का चालतं? कारण तो खऱ्या जगाचा दावाच करत नाही. शेवटपर्यंत सगळं एका बंद, थंड, विधीसारख्या जगात घडतं आणि त्या जगाचे नियम एकदाही मोडत नाहीत. तेव्हा तुम्हाला खरंच तशी फिल्म करायची असेल तर माझं वरचं म्हणणं तुम्हाला लागू नाही, पण मग कात्रणं बाजूला ठेवा. दोन्ही एकत्र, म्हणजे मेलव्हिलचा मारेकरी आणि खऱ्या केसचा दु:खी बाप एकाच फिल्ममध्ये, हे जमवणं फार म्हणजे फार अवघड आहे, आणि तुमची ही पहिली फिल्म आहे.

आता खऱ्या आयुष्याकडे. इथे एक सापळा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही: खरं आयुष्यसुद्धा सिनेमा बघून आलेलं असतं. मारिओ पुझोने 'द गॉडफादर' कादंबरी (१९६९) लिहिली ती वाचून आणि ऐकून, खऱ्या गँगस्टरशी ओळख नसताना, असं त्याने स्वतःच लिहिलंय. आणि १९७२ ला फिल्म आल्यावर खरे माफियावाले त्यातल्यासारखं बोलायला वागायला लागले. दुसरी साखळी तर अजून मजेशीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा डिटेक्टिव्ह डेव्ह टॉस्की खांद्याला पट्टा लावून पिस्तूल अडकवायचा, ती पद्धत स्टीव्ह मॅक्वीनने 'बुलिट' (१९६८) साठी उचलली. पुढे टॉस्की झोडियाक नावाच्या सिरियल किलरच्या तपासावर होता, आणि तो तपास चालू असतानाच त्या खुन्यावरून बेतलेला व्हिलन घेऊन 'डर्टी हॅरी' (१९७१) आली. मग २००७ मध्ये डेव्हिड फिंचरने 'झोडियाक' केली आणि त्यात टॉस्कीचं पात्र थिएटरमध्ये 'डर्टी हॅरी' बघायला बसतं! पडद्यावर एक पोलिस प्रकरण झटक्यात मिटवतोय आणि ज्याच्यावरून हे सगळं घेतलं त्याच्या हातात काहीच नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा की जुन्या गुन्हेगाराशी किंवा निवृत्त पोलिसाशी बोलायला बसलात की पहिला तासभर तो तुम्हाला सिनेमाच सांगणार. त्याची चूक नसते, त्याला वाटतं तुम्हाला तेच हवंय. मी अशा वेळी मोठ्या घटनेबद्दल विचारतच नाही. त्या दिवशी ड्युटी किती वाजता संपणार होती, रिपोर्ट कोणी टाइप केला, साहेब कशावरून चिडले, घरी कुणाला फोन केला आणि काय खोटं सांगितलं, असे प्रश्न विचारतो, आणि माणूस तिथे खरा बोलायला लागतो. तसंच कोर्टातले जबाब मिळाले तर बातम्यांपेक्षा ते वाचा. बातमीत घटना साफ केलेली असते, जबाबात तीन साक्षीदार एकच गोष्ट तीन तऱ्हेने सांगतात आणि त्यांचं जे जुळत नाही तिथेच बहुतेक वेळा सीन असतो.

आणि आयुष्यातली एखादी गोष्ट फारच फिल्मी वाटली म्हणून फेकून देऊ नका. 'हीट' (१९९५) मध्ये पोलिस आणि चोर समोरासमोर बसून कॉफी पितात, तो सीन मायकल मानने हवेतून काढलेला नाही. शिकागोचा डिटेक्टिव्ह चक अ‍ॅडमसन नील मॅकॉली नावाच्या चोराच्या मागावर होता, दोघं खरंच एकदा कॉफी प्यायला बसले होते, आणि १९६४ मध्ये अ‍ॅडमसनच्याच गोळीने मॅकॉली मेला. फिल्ममधल्या चोराचं नावसुद्धा तेच आहे. मानने ही गोष्ट वर्षानुवर्षं जवळ बाळगली, १९८९ मध्ये टीव्हीसाठी एकदा करून बघितली आणि मग मोठी फिल्म केली. म्हणून "हे खरं वाटणार नाही" यापेक्षा "हे घडायला त्या दोन माणसांना आतून काय वाटत असेल" हा प्रश्न जास्त उपयोगी.

पात्रांच्या बाबतीत तर मी अगदी हट्टी आहे. चिडलेला पोलिस पडद्यावर ढिगाने झाले. 'अर्धसत्य' (१९८३) मधला वेलणकर अजून का टोचतो? कारण तेंडुलकरांच्या पटकथेत त्याच्या रागाला घर आहे, आईला मारणारा पोलिसातला बाप आहे, ज्याने पोराला त्याच्या मनाविरुद्ध खात्यात ढकललं. तो राग आधीच्या कुठल्या फिल्ममधून उचलता येत नाही. तुमच्या इन्स्पेक्टरचा राग कुठून येतो हे मला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात गुन्ह्याचा उल्लेख नको.

खऱ्या केसमधलं किती घ्यायचं, हे बऱ्यापैकी परिस्थितीवर आहे. केस किती जुनी, घरचे लोक हयात आहेत का, निकाल लागलाय का, तुमच्या देशात कायदा काय म्हणतो, यावर. मुंबई बॉम्बस्फोटांवरची अनुराग कश्यपची 'ब्लॅक फ्रायडे' २००४ मध्ये तयार होती पण खटल्याचा निकाल बाकी म्हणून कोर्टाने थांबवली आणि ती रिलीज झाली २००७ मध्ये. दुसऱ्याच्या फिल्मबाबतही तेच: कुरोसावाची 'योजिंबो' (१९६१) परवानगी न घेता 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) झाली, प्रकरण कायद्यात गेलं आणि तडजोडीत जपानी बाजूला कमाईचे १५ टक्के द्यावे लागले. सांगाडा घेणार असाल तर हक्क घ्या, आणि खरी माणसं घेणार असाल तर स्क्रिप्ट एकदा वकिलाला दाखवा, आळस करू नका.

पण कायद्याच्या पलीकडे एक गोष्ट आहे जी मला 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) ने शिकवली. दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ मध्ये बायकांचे खून झाले, खुनी सापडला नाही. बोंग जून-होने त्यावर फिल्म केली तेव्हाही तो सापडलेला नव्हता. क्राइम फिल्मची सवय म्हणते की शेवटी उत्तर द्या, निदान इशारा तरी द्या. त्याने दिलं नाही. पुरावे तुडवणारं गाव, पावलाच्या ठशावरून जाणारा ट्रॅक्टर, कोठडीत मारून घेतलेले कबुलीजबाब, आणि ज्या रात्री माणसं हवी होती त्या रात्री निदर्शनं दडपायला गेलेली पोलिसांची कुमक, हे त्याने दाखवलं, म्हणजे खुनी का सापडला नाही याचं उत्तर दिलं. आणि शेवटी डिटेक्टिव्ह थेट कॅमेऱ्यात बघतो, कारण खुनी थिएटरमध्ये बसलेला असू शकतो असं बोंगच्या मनात होतं. २०१९ मध्ये डीएनएवरून खरा माणूस सापडला, तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीपासूनच तुरुंगात होता. आणि यातल्याच एका खुनासाठी भलत्याच माणसाने जवळजवळ २० वर्षं तुरुंगात काढली होती, तो २०२० मध्ये निर्दोष ठरला. विचार करा, फिल्मने त्या वेळी कुणाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं ठरवलं असतं तर? तुमच्या कात्रणांतली केस उघडी असेल, किंवा निकालावर तुमचाच विश्वास नसेल, तर जे माहीत नाही ते ठरवून टाकू नका. फिंचरनेही 'झोडियाक'मध्ये तेच हल्ले दाखवले ज्यांचा कुणीतरी वाचलेला किंवा बघणारा साक्षीदार होता. ही बंधनं घेतल्याने फिल्म कमकुवत होते असं मला कधीच दिसलेलं नाही, उलट लेखकाला सोपी वाट बंद होते आणि तो नीट विचार करायला लागतो.

आता प्रत्यक्ष करायचं काय. स्क्रिप्टची प्रिंट घ्या आणि प्रत्येक सीनच्या बाजूला लिहा, हे मी पहिल्यांदा कुठे बघितलं. खोटं लिहू नका, ही फक्त तुमच्यासाठी आहे. जिथे फिल्मचं नाव एखाद्या माणसाच्या वागण्यासमोर किंवा बोलण्यासमोर आलं तिथे तो भाग खोडा आणि तुम्हाला माहीत असलेला एखादा खरा माणूस तिथे उभा करून परत लिहा, तो तुमचा मामा असो की ऑफिसातला कॅशियर. जिथे फिल्मचं नाव मांडणीसमोर आलं, म्हणजे कट, वेळेची उलटापालट, काय लपवलंय, तिथे त्या दिग्दर्शकाची अडचण काय होती ते लिहा, आणि तुमची तीच आहे का बघा. नसेल तर तेही जाऊ द्या. माझ्या अनुभवात या एका फेरीत स्क्रिप्ट बरीच बारीक होते आणि घाबरायला होतं, पण जे उरतं ते तुमचं असतं.

आणि ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्यायला लाजू नका. ब्रायन डी पाल्माने १९८३ चा 'स्कारफेस' जुन्या 'स्कारफेस'चा दिग्दर्शक हॉक्स आणि लेखक बेन हेक्ट यांना अर्पण केला. श्रीराम राघवनने 'जॉनी गद्दार' (२००७) मध्ये दिग्दर्शक विजय आनंद आणि थ्रिलर कादंबरीकार जेम्स हॅडली चेसला मान दिला, आणि हिरोला प्लॅन सुचतो तोच टीव्हीवर 'परवाना' (१९७१) बघून. असं उघड सांगितलं की प्रेक्षकही पकडापकडी सोडून तुमच्यासोबत खेळायला येतो.

कात्रणांबद्दल शेवटचं. त्यात आरोपी आणि तपास अधिकारी सोडून इतर जी नावं फक्त एकदाच आली आहेत ती वेगळी काढा, एखादी शेजारीण, ड्रायव्हर, लॉजचा मॅनेजर. त्यातल्या एकाच्या नजरेतून पहिली दहा पानं परत लिहून बघा आणि मग ज्यांनी "कुठेतरी बघितलंय" म्हटलं होतं त्यांनाच वाचायला द्या. नाव बदलूनच लिहा, आणि अजून अडलं तर ती दहा पानं इथे टाका, मी वाचेन.